राजाच्या नावानंतरचा आमीन

शुक्रवारी दुपारी इद्रिसच्या घरी बसून आम्ही दोघं परक्या देशातल्या एका मशिदीतला ‘आमीन’ ऐकायचो, आणि या कामाचा आम्हाला पगार मिळायचा. संपादकांनी ‘तुमच्या नोकरीबद्दल लिहा’ असं कळवलं तेव्हा एवढं एकच वाक्य सुचलं. पुढचं वाक्य सुचायला बरेच आठवडे गेले. इद्रिस या वर्षी रमझानच्या तोंडावर गेला. त्याला दाखवल्याशिवाय मी कामासंबंधी एकही पान आजवर कुठे पाठवलेलं नाही. हे पहिलंच.

काम काय ते आधी सांगतो, कारण आमच्या नातेवाइकांनाही ते अजून नीट कळलेलं नाही. दोह्यात मी एका विमा-दलाल कंपनीत आहे. एखादा कंत्राटदार परमुलखात रस्ता बांधायला, पाइपलाइन टाकायला जातो. तिथे बंड झालं, यंत्रं जळली, नव्या राजाने जुन्या राजाचा करार फाडला, तर नुकसान कुणी भरायचं? त्यासाठी विमा असतो. विमा देणारा आधी विचारतो, हे राज्य टिकेल का? त्या प्रश्नाचं उत्तर लिहिणारं टेबल आमचं. उत्तर रंगात द्यायचं: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. लाल म्हणजे विमा बंद, विमा बंद म्हणजे काम बंद, आणि काम बंद म्हणजे माणसं घरी. राजा चांगला आहे की वाईट, हे मला इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही. सही करणारा हात पुढच्या वर्षीही तोच असेल का, एवढंच त्यांना हवं असतं.

गिऱ्हाइकंही एकेक असत. पुण्याचे एक पंपवाले गृहस्थ होते. त्यांचे पंप अशाच एका राज्यात जायचे. राजा आजारी असल्याची बातमी आली की त्यांचा फोन.

“काय होतंय नक्की त्यांना?”

“किडनीचं दुखणं आहे म्हणतात.”

“अहो, मग घाबरताय कशाला? आमच्या सासऱ्यांनी डायलिसिसवर किती वर्षं काढली. शेवटपर्यंत सगळ्या चेकवर सह्या त्यांच्याच. पिवळा द्या की.”

मी त्या वेळी हसलो. पण त्यांच्या सासऱ्यांचं उदाहरण आमच्या अहवालांइतकंच बरोबर किंवा चूक ठरलं असतं, असं आता वाटतं.

मी मूळचा नाशिकचा. पुण्याला विद्यापीठात फारसी शिकलो, ती पेशव्यांच्या वकिलांच्या काळातली दिल्ली दरबारची बातमीपत्रं वाचता यावीत म्हणून. बादशहाला ताप आहे, अमुक अमीर आज मुजऱ्याला आला नाही, तमुकाला पोशाख मिळाला. असली पत्रं वाचून पोट भरणार नाही, असं वडील म्हणायचे. पुढे अरबी शिकलो, इकडे आलो, आणि तसलीच पत्रं लिहून माझं पोट भरलं. भावकी म्हणजे काय, काका-पुतण्यांत काय होऊ शकतं, हे आमच्या बैरूतच्या साहेबांना समजून घ्यावं लागलं. मराठी माणसाची शनिवारवाड्याची सहल शाळेतच झालेली असते.

राजवाड्याच्या आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही. म्हणून आम्ही खुणा बघायचो. फोटोत कोण राजाच्या उजवीकडे उभं आहे, विमानतळावर स्वागताला कोण गेलं. एकदा एक राजपुत्र आठवडाभर कुठेच दिसला नाही, तर आम्ही त्याच्या नजरकैदेबद्दल पानंच्या पानं लिहिली. त्याची अक्कलदाढ काढली होती.

या सगळ्यांत जुनी खूण म्हणजे खुतबा. शुक्रवारच्या नमाजाआधी प्रवचन होतं, आणि त्याच्या शेवटी मौलवी राज्यकर्त्यासाठी दुआ मागतो. आधी राजाचं नाव, मग वारसाचं. नावानंतर समोरचे लोक ‘आमीन’ म्हणतात. कुणाच्या नावाने नाणं पडतं आणि कुणाच्या नावाने खुतबा वाचला जातो, यावर राज्य कुणाचं ते ठरायचं, हे इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक असतं. नाव गाळणं म्हणजे बंड पुकारणं. नाण्याचं आता कुणी बघत नाही. खुतब्याचं बघतात.

आमच्या धंद्यातले सगळेच नावं ऐकायचे. इद्रिस नावांनंतरचा आमीन ऐकायचा.

तो सुदानचा, ओमदुर्मानचा. तिथल्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. माझ्या आधीपासून कंपनीत होता. उंच, दम्याचा, एकटा. नजमा भागात त्याचा फ्लॅट होता आणि त्यात पुस्तकांखेरीज बसायला जागा कमी होती. शुक्रवारी तो इथली नमाज पढून यायचा. आम्ही ज्यांच्यावर लिहायचो त्या पश्चिमेकडच्या राज्यांत दुपार आमच्यानंतर व्हायची, त्यामुळे तो परतेपर्यंत तिकडचं प्रवचन सुरू होत असे. तो आलं घातलेली कॉफी करायचा, रेडिओ लावायचा आणि डोळे मिटून बसायचा.

“नाव मौलवी घेतो. त्याला पगार आहे,” तो मला पहिल्याच शुक्रवारी म्हणाला होता. “आमीन फुकटात म्हणायचा असतो. तो ऐक.”

राजाच्या नावाला आमीन भरून आला, वारसाच्या नावाला नुसता पुटपुटला गेला, असं काहीतरी तो टिपायचा. मला सुरुवातीला फरक कळायचा नाही. नंतर कळायला लागला. किंवा तो सांगेल ते ऐकू यायला लागलं. दोन्हींतलं कुठलं, ते मी आज सांगू शकत नाही.

*

आता त्या राज्याबद्दल. नाव लिहिणार नाही; कामाचा नियम आहे आणि मी अजून नोकरीत आहे. डोंगराळ आहे, तेल बेताचं आहे, एवढं पुरे. राजा म्हातारा होता. गादी भावाकडून भावाकडे जायची तिथली रीत, त्यामुळे सावत्र भाऊ बरीच वर्षं जाहीर वारस होता, आणि शाही सैन्यही त्याच्याच हाताखाली होतं. आजारी पडल्यावर राजाला वारस म्हणून मुलगा दिसायला लागला.

तिकडे डोंगरात एक शेख होता. त्याने आपल्या मशिदीत राजासाठी दुआ मागणं बंद केलं. आधी नुसता गप्प राहायचा. मग म्हणायला लागला की हे घराणं बाटलं आहे, परक्यांना आणून बसवतं आहे, आणि त्यांचा हुकूम मानणारेही बाटलेलेच. बंदूक घेतलेली पोरं त्याच्याभोवती जमली. पुतण्याला अडवण्यासाठी सावत्र भाऊ या शेखाकडे माणसं पाठवतो, अशी कुजबुज होती. भावकीत भांडण पेटलं की बाहेरचा माणूस न्यायाधीश होऊन येतोच.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी पाण्याच्या पाइपलाइनचं काम चाललं होतं. विमा आमच्याकडून गेलेला, आणि नूतनीकरण तोंडावर आलेलं. त्या कॅम्पात सतीश होता. सतीश म्हणजे माझ्या बायकोचा, सुषमाचा धाकटा भाऊ. पारनेर तालुक्यातला, वेल्डर.

आम्ही दोह्याच्या मदिनत खलीफा भागात राहतो. सुषमा रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवून त्याच्याशी बोलायची. एकदा त्याने मला बोलावून घेतलं.

“दाजी, तुम्ही लाल-बिल करू नका हां.”

“मी करतोय असं कुणी सांगितलं तुला?”

“ताई म्हणली. आता कुठं मला चार्जहॅन्ड केलंय दाजी. हाताखाली पोरं दिलीत. परत येऊन काय करू, गावात गेटांना वेल्डिंग मारू?”

मागून कुणीतरी ओरडलं, “दाजी म्हंजी ते राजाला मार्क देनारे का? इचार की, किती पडले म्हनावं राजाला.”

“बाळू आहे,” सतीश म्हणाला. “पाण्याचा टँकर चालवतो. केजचा. घ्या, बोला त्याच्याशी, नाहीतर मला जेवू देणार नाही.”

“सायेब,” बाळू फोनवर आला, “आमी हितं डोंगरात बसलाव, आन तुमी तितं एशीत बसून राजाची नाडी बघायलाव. बरंय ओ तुमचं.”

“तिथे कसं काय आहे, बाळू?”

“काय असायचंय. त्या शेखाची मानसं पन आमचंच पानी पेत्यात. टँकर दिसला की रस्ता सोडत्यात, सलाम करत्यात. माज्याइतका मान राजाला बी न्हाय.”

फोन ठेवल्यावर सुषमा म्हणाली, “तुम्ही लाल करा.”

“तसं नसतं ते.”

“मग कसं असतं? तुमच्या एका रंगाने तो घरी येतो. रागवेल माझ्यावर. रागवू दे. राग जातो.”

तिचं बरोबर होतं. सतीशचंही बरोबर होतं. आणि कॅम्पात तो एकटा नव्हता. नोकरी गेली असती तर सगळ्यांची गेली असती.

घरचं माणूस त्या कामावर असेल तर साहेबांना सांगायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मी सांगितलं. साहेबांनी हात झटकले. “खलास. तू शिवायचं नाही. इद्रिस लिहील.” केबिनमधून बाहेर येताना मला हलकं वाटलं. ते वाटणं माझ्या अजून लक्षात आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

राजाला उपचारासाठी परदेशी नेलं. त्यानंतरच्या शुक्रवारी मी इद्रिसकडे गेलो. लिहायचं नव्हतं, पण ऐकायला बंदी नव्हती. राजधानीतल्या मोठ्या मशिदीतलं प्रवचन संपत आलं. राजाचं नाव आलं. आमीन आला, नेहमीपेक्षा मोठा. मग वारसाचं नाव यायचं. मौलवी क्षणभर थांबला आणि पुढच्या दुआवर गेला. भावाचं नाव नाही, मुलाचंही नाही.

इद्रिसने डोळे उघडले.

“गाळलं,” मी म्हणालो.

“ऐकलं मी.”

“मग लाल. डोंगरात राजाचं नाव गाळतात, इथे वारसाचं गाळलं. दोन्ही टोकं जुळली तर आठवडाभरात गोळीबार होईल.”

“तू बोलतोयस, की सुषमा?”

त्याने कॉफी ओतली.

“बघ,” तो म्हणाला, “भावाचं नाव काढून मुलाचं घातलं असतं, तर मी आत्ता साहेबांना फोन केला असता. नुसतं रिकामं ठेवलंय. म्हणजे आत अजून घासाघीस चाललीय. जे घासाघीस करतात ते गोळी झाडत नाहीत. आणि राजाच्या नावाचा आमीन ऐकलास? लोकांना हे घराणं हवं आहे. कुठला माणूस, ते ठरायचंय.”

“आणि शेख?”

“शेख दोघांच्या भांडणावर जगतो. ते मिटलं की तो एकटा पडेल.”

मला पटलं. घरी जाताना गाडीत पटेनासं झालं. घरी सुषमाने विचारलं तेव्हा मी तिला इद्रिसचं म्हणणं असं काही ठामपणे सांगितलं, जसं ते माझंच होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांचं कोण आहे त्या कॅम्पात?”

इथला कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो; त्या रविवारी इद्रिसने नारिंगी लिहिला. विमा चालू राहिला, काम चालू राहिलं. इतर बहुतेक कंपन्यांनी लाल केला होता.

पुढच्याच आठवड्यात शेखाच्या माणसांनी डोंगराचा रस्ता अडवला. कॅम्पाशी संपर्क तुटला. सुषमा माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती पोळ्या लाटायची, मला वाढायची आणि फोन ओट्यावर आपल्यासमोर उलटा नाही, सुलटा ठेवायची, पडदा दिसेल असा. इद्रिस ऑफिसात माझ्या शेजारी येऊन बसायचा आणि थोड्या वेळाने उठून जायचा.

मग एका सकाळी तिकडच्या टीव्हीवर दरबार दिसला. परदेशातून परत आणलेला राजा चाकाच्या खुर्चीत बसला होता, शेजारी मुलगा. सावत्र भाऊ पुढे आला, त्याने पुतण्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि निष्ठेची शपथ घेतली. बदल्यात सैन्य त्याच्याकडेच राहिलं. दुपारपर्यंत तेच सैन्य डोंगराकडे निघालं. शेख एकटा पडला. रस्ता मोकळा झाला. इद्रिस म्हणाला होता तसंच, अगदी त्याच क्रमाने.

संध्याकाळी सतीशचा फोन आला. सुषमाने उचलला आणि नुसता आवाज ऐकून माझ्या हातात दिला.

“दाजी.”

“बोल. कसा आहेस?”

“मी आहे. बाळू नाही.”

रस्ता अडवला त्या दिवशी बाळू टँकर घेऊन वर गेला होता. त्याला थांबायला सांगितलं आणि तो थांबला नाही, असं एक जण म्हणे. तो थांबला होता आणि खाली उतरताना गोळी लागली, असं दुसरा म्हणे. सलाम करणारी माणसं तीच होती की दुसरी, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. सतीशने एवढंच सांगितलं.

*

राज्य टिकलं. आजही टिकून आहे. मुलगा राजा आहे. त्या वर्षी आमच्या धंद्यात इद्रिसचं नाव झालं. लंडनहून विमावाले आले, त्याला वेस्ट बेमधल्या हॉटेलात जेवायला घेऊन गेले. तो गेला, जेवला, परत आला आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला.

“त्या ड्रायव्हरचं पूर्ण नाव काय होतं?”

मी सतीशला विचारून सांगितलं. बाळासाहेब, वडिलांचं नाव, आडनाव. तो ते दोन-तीनदा म्हणाला, उच्चार बरोबर येईपर्यंत.

पुढे एकदा तो घरी आला. सुषमाने चहा दिला आणि समोर बसली. सहसा ती बसत नसे.

“सिस्टर,” तो तिला म्हणाला, “मी बाळूसाठी दुआ मागतो. शुक्रवारी. तुमच्यात हे चालतं का, मला ठाऊक नाही.” तो तिच्याशी मोडकं हिंदी बोलायचा.

“चालतं,” सुषमा म्हणाली. “पण तुम्ही एकटे. दुआ मागितली तरी आमीन म्हणायला तुमच्या घरी आहे कोण?”

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं बोलायचं ते बोलून झालं होतं. ती कप उचलून आत गेली. इद्रिस म्हणाला, “बरोबर आहे. एकट्याचा आमीन एकट्यानेच म्हणावा लागतो.”

इद्रिसचं चुकलं का? त्याला विचारलेला प्रश्न ‘राज्य टिकेल का’ एवढाच होता, आणि त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. बाळू राहील का, असं कुणी विचारलं नव्हतं. पण लाल लिहिला असता तर बाळू केजला असता. आणि सतीश गावात गेटं जोडत असता आणि मला शिव्या देत असता. मी लिहिणार असतो तर काय लिहिलं असतं? शुक्रवारी लाल, शनिवारी नारिंगी. रविवारी सकाळी काय, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला आहे. तिथे काहीच नाही. मौलवीने सोडली तशी मोकळी जागा आहे.

मी राहतो त्या राज्याबद्दल आम्ही कधीच अहवाल लिहिला नाही. तोही नियमच. एक वर्ष असं आलं होतं की शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या, दुकानांतलं दूध एका दुपारी संपलं, आणि नाशिकहून फोन यायला लागले, “तुमचं काही खरं आहे का तिथे?” इतर राज्यांना रंग देणारा मी तेव्हा दह्याच्या रांगेत उभा होतो. गाड्यांच्या काचांवर राज्यकर्त्याचं चित्र आलं. शेजाऱ्यांनी लावलं, आमच्याही गाडीवर लागलं. प्रेमाने, भीतीने की सगळ्यांनी लावलं म्हणून, हे मला कुणी विचारलं असतं तर प्रामाणिकपणे सांगता आलं नसतं. तिन्ही थोडंथोडं असावं. बाहेरून कुणी आमची काच पाहून काही टिपलं असेल, तर त्याने काय टिपलं असेल कोण जाणे.

मग इद्रिसच्या देशात दोन सेनापतींचं बिनसलं. तिथे राजा नव्हता, पण गादीचा प्रश्न तोच. ओमदुर्मानहून त्याच्या मोठ्या बहिणीने विचारलं, थांबू की निघू? त्याने दोघांची भाषणं ऐकली, निवेदनं वाचली. तिला सांगितलं, अजून घासाघीस चाललीय, थांब.

ऐन रमझानात युद्ध पेटलं. बहीण फार हाल काढून शेवटी बंदराच्या गावी पोचली. घर गेलं, घरातली पुस्तकं गेली. त्या दिवसांत सुषमा त्याला डबा पाठवायला लागली. सुदानी माणसं ज्वारी खातात, हे आम्हाला इथे येऊन कळलं. त्यांच्या दुकानात पीठही चांगलं मिळतं. तिने भाकरी पाठवली की तो म्हणायचा, आमची याहून पातळ असते, पण वास तोच. एकदा तो डबा परत द्यायला स्वतः आला. सुषमाने त्याला आत बोलावून बसवलं. बाळूचा विषय तिने काढला नाही. त्यानेच काढला.

“सिस्टर, माझ्या बहिणीलाही मी तेच सांगितलं होतं. तेच शब्द.”

“माहिती आहे मला,” सुषमा म्हणाली. “खाऊन जा.”

*

गेल्या हिवाळ्यात सूक वाकिफच्या बाजारात एका ओळखीच्याने आमची एका माणसाशी गाठ घालून दिली. तो त्या डोंगराळ राज्याच्या रेडिओवर ध्वनी-तंत्रज्ञ होता, आता दोह्यात एका वाहिनीत लागला होता. दाट दुधाचा करक चहा मागवला. तो शुक्रवारच्या प्रक्षेपणावर असायचा हे कळताच इद्रिस खुर्ची पुढे ओढून बसला.

“आमीन कसा घ्यायचास तू?”

“माइक दोन असायचे. एक मौलवींपुढे, एक लोकांवर टांगलेला. दुसऱ्याचा आवाज माझ्या हातात.”

“वर-खाली करायचास?”

“राजाच्या नावाला थोडा वर. कुणी हुकूम नव्हता दिला. आधीच्याने मला तसं शिकवलं, मी पुढच्याला शिकवलं.”

“आणि वारसाच्या नावाला?”

“त्याचं काही ठरलेलं नसे. कधी राजवाड्यातून एक जण येऊन मागे उभा राहायचा. कधी मी चहा पीत असायचो.”

इद्रिस इतका हसला की त्याला खिशातून दम्याचा पंप काढावा लागला. मग त्याने त्या शुक्रवारबद्दल विचारलं. राजा परदेशी होता, वारसाचं नाव गाळलं होतं, राजाच्या नावाला आमीन मोठा आला होता. त्या दिवशी तू होतास का?

त्या माणसाने आठवून पाहिलं. “असेन. नसेनही. शुक्रवार सगळे सारखेच असतात, उस्ताद.”

परत जाताना इद्रिस गल्लीत मसाल्यांच्या पोत्यांपाशी थांबला. “म्हणजे मी ऐकत होतो ते लोक नव्हतेच.” थोडं चालल्यावर म्हणाला, “किंवा होते. नुसत्या बटणाने काय वाढणार? मुळात आवाज असावा लागतो ना?”

“मला सांगता येत नाही,” मी म्हणालो.

“मलाही,” तो म्हणाला. आमच्या कामाबद्दल आम्ही दोघं एकाच वेळी एकच बोललो असं क्वचित व्हायचं.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो गेला. दमा, मग न्यूमोनिया. बहिणीला व्हिसा मिळाला नाही.

सतीश आता इकडेच आहे, देशाच्या उत्तर टोकाला मदिनत अश शमालला एका वर्कशॉपमध्ये. दफनाला मला घेऊन जायला तो तिथून गाडी काढून आला. वाटेत त्याने विचारलं.

“दाजी, त्यांचं चुकलं होतं का हो?”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय. मीच म्हणलो होतो ना, लाल करू नका.”

अबू हामूरच्या कब्रस्तानात मला वाटली होती त्याहून माणसं जास्त होती. त्याच्या गावाकडची मंडळी, ऑफिसातले काही, त्याच्या इमारतीचा रखवालदार. सतीशने विचारलं, “आपण आत गेलं तर चालेल का?” एका म्हाताऱ्याने हाताने खूण केली, या. आम्ही मागे उभे राहिलो. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. त्याच म्हाताऱ्याने आम्हालाही जागा करून दिली. सतीशने माती टाकली आणि हात झाडले नाहीत, तसेच धरून ठेवले.

मग म्हाताऱ्याने हात वर करून दुआ मागायला सुरुवात केली. इद्रिसचं नाव घेतलं, त्याच्या वडिलांचं घेतलं. त्याच्या शहरासाठी मागितलं. मी सवयीने कान दिला. वर टांगलेला माइक नव्हता, बटण कुणाच्या हातात नव्हतं, आणि ज्या आमीनचा अंदाज घ्यायचा त्याच्या दहा पावलांवर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उभा होतो. शेवटी म्हातारा म्हणाला, ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत आणि तुला ठाऊक आहेत, त्यांच्यासाठीही. मी बाळूचं पूर्ण नाव मनात घेतलं, इद्रिस म्हणायचा त्या उच्चारात.

आमीन आला. किती मोठा होता, ते मला सांगता येणार नाही. त्यात माझा होता.